दहा हातांचा माणूस

लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला माणसं दोन लागतात. एक लिफ्टच्या डब्याच्या टपावर, शाफ्टच्या अंधारात. दुसरा इमारतीच्या माथ्यावर, मशीनरूममध्ये, मुख्य स्विचपाशी. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मशीनरूमच्या फरशीला दोर खाली सोडायला भोकं असतात, त्यातून आवाज तेवढा ये-जा करतो. म्हणून या धंद्यात एक रीत आहे. टपावरचा हाक देतो, वरचा ती हाक शब्दाला शब्द परत देतो आणि मगच स्विचला हात लावतो. 'वर घे' म्हटलं की 'वर घे'. 'थांब' म्हटलं की 'थांब'. हाक परत आली नाही, तर टपावरच्याने हात अंगाशी घेऊन बसून राहायचं. खालून हाक आलीच नाही, तर वरच्याने स्विचकडे बघायचंसुद्धा नाही.

मिस्त्री एकवीस वर्षं टपावर होता आणि ती सगळी वर्षं त्याच्या डोक्यावर, मशीनरूममध्ये, त्याचा मेहुणा होता. बायकोचा पाठचा भाऊ. हाक परत देण्यात हा माणूस इतका चोख, की कंपनीत त्याचं नाव पोपट पडलं. मिस्त्री खाली शिंकला तर वरून शिंक परत येते, असं बाकीचे म्हणायचे. पोपटने चाळिशी ओलांडली, दोन मुलींचा बाप झाला, तरी नाव काही सुटलं नाही. त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

सातव्या वर्षी एका दवाखान्याच्या लिफ्टवर मिस्त्रीचा हात रुळाच्या पट्टीमागे अडकला. वेदनेने बोबडीच वळली, तोंडातून हाक फुटेना. वर मशीनरूममध्ये दवाखान्याचा व्यवस्थापक येऊन पोपटच्या डोक्यावर बसला होता. लिफ्ट चालू करा, माणसं खोळंबलीत, तुमचा तो चहाला गेला असेल. पोपट एवढंच म्हणत राहिला की खालून हाक आलेली नाही. व्यवस्थापक स्वतः स्विचकडे सरकला तेव्हा पोपटने स्विचला पाठ लावली आणि पाऊण तास तसाच उभा राहिला. मिस्त्रीचा हात शाबूत राहिला तो त्या पाऊण तासामुळे. हे मिस्त्री प्रत्येक नव्या माणसाला सांगत असे, हाताची खूण दाखवून.

दुसरी गोष्ट मिस्त्री कोणाला सांगत नसे, कारण ती सगळ्यांनाच माहीत होती. ती म्हणजे कार्ड. प्रत्येक मशीनरूममध्ये दाराशेजारी खिळ्याला, प्लॅस्टिकच्या पाकिटात, तपासणीचं कार्ड लटकत असतं. त्यावर चोवीस बाबी. ब्रेक, दोर, दरवाजे, तळाच्या खड्ड्यातलं पाणी, डब्यातली धोक्याची घंटा, असं बरंच. दर महिन्याला प्रत्येक बाबीसमोर बरोबरची खूण करायची आणि खाली दोघांनी सही करायची. दिवसाला आठ लिफ्ट उरकायच्या तर चोवीस बाबी कोणाच्या बापाला तपासून होत नाहीत. जीव ज्यावर टांगलेला असतो त्या सात-आठ गोष्टी मिस्त्री डोळ्यांत तेल घालून बघे. बाकीच्या बाबींसमोर नुसत्या खुणा. सगळ्या जोड्यांची तीच तऱ्हा. कार्ड एरवी कोणी वाचत नाही. वाचतात ते काही विपरीत घडल्यावर. तेव्हा वाचणाऱ्याला त्यात खोट दिसता कामा नये, एवढंच कार्डाचं काम. कार्ड मिस्त्री भरायचा, पोपट खाली सही करायचा. पोपटने ते कधी वाचलं नाही.

कंपनी विकली गेल्याचं मेकॅनिकांना कळलं ते दारावरची पाटी बदलली तेव्हा. एकूण अडतीस माणसं, एकोणीस जोड्या. प्रत्येक जोडीत एक परवानावाला आणि एक बिनपरवान्याचा जोडीदार. पोपट परवान्याच्या परीक्षेला दोनदा बसला होता. दोन्ही वेळा लेखी पास आणि तोंडीला नापास. परीक्षकाने विचारलेला प्रश्न तो शब्दाला शब्द परत द्यायचा आणि पुढे त्याला काही सुचायचं नाही.

स्टोअरकीपर सगळ्या बातम्यांचा धनी. त्याने सांगितलं की नव्या मालकांच्या दुसऱ्या शहरांत लिफ्टवर एकच माणूस जातो. गळ्यात बटणांचा डबा अडकवून टपावर चढतो आणि स्वतःच स्वतःला वर-खाली नेतो. मग वरच्या माणसाचं काय, असं कोणीतरी विचारलं. स्टोअरकीपर म्हणाला, वरच्याला वरचा बघून घेईल. लोक हसले, पण एकोणीस जण जरा कमी हसले.

ही बातमी मिस्त्रीच्या घरी त्याच्या आधी पोचली होती. बायकोने ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "तुमचं तुम्ही निभावून न्याल, मला घोर नाही. त्याला सोडू नका. तो एकवीस वर्षं तुमच्या हाकेवर उभा आहे."

मिस्त्रीने मान डोलावली. जोडी राहिली तर पोपट राहणार, जोडी फुटली तर पोपट घरी बसणार, इतकं ते सरळ होतं.

मग एका शनिवारी सगळ्यांना कामाऐवजी सभागृहात बोलावलं. खुर्च्या गोलात मांडलेल्या, त्यामुळे मागच्या रांगेत जाऊन बसायची सोय नव्हती. मधोमध प्रशिक्षक बाई उभ्या. वय असेल तिशीच्या आत, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. दारात नवे साहेब हाताची घडी घालून. बाईंनी आधी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, मग शेजाऱ्याचा हात हातात घ्यायला लावला. ग्रीसने काळे झालेले अडतीस हात एकमेकांत अडकले आणि लाजून सुटले. मग बाईंनी जाड कागदाची कार्डं वाटली. वर झूल पांघरलेल्या एका पिळदार माणसाची रेखाकृती. खाली दोन ओळी. तुम्हाला कोणता सुपरहिरो व्हायला सगळ्यात जास्त आवडेल? का? आणि तळाला सहीची जागा.

बाई म्हणाल्या की यात बरोबर-चूक असं काही नाही, मनात येईल ते लिहा, जेवणानंतर कार्डं जमा करा.

बरोबर-चूक काही नाही म्हणणाऱ्या माणसाच्या खिशात उत्तरपत्रिका असते, हे मेकॅनिकांना पुरतं ठाऊक होतं. तरी पहिली पाच-दहा मिनिटं मजेत गेली. चष्मेवाल्याला वेळ थांबवणारा व्हायचं होतं, म्हणजे दिवसात आठ लिफ्ट बसतील. लांब्याला अदृश्य व्हायचं होतं, पण फक्त तक्रारवाल्या इमारतींत शिरताना. एकाला भिंतीपलीकडचं ऐकू येणारे कान हवे होते. त्यावर दुसरा म्हणाला, तुला बायको स्वयंपाकघरातून बोलते ते ऐकू येत नाही, तिथून सुरुवात कर.

पोपट हातातलं कार्ड उलटसुलट करत होता. मग म्हणाला, "मला उडायचंय, भावोजी."

मिस्त्रीने विचारलं, उडून जाणार कुठे?

"गच्चीवर. दुसरीकडे कुठे नाही. आपण लिफ्टवाले, पण आपण पोचतो तेव्हा लिफ्ट बंदच. दहा मजले जिन्याने चढा, दहा मजले उतरा. गुडघ्यांचा पार भुगा झालाय. उडता आलं तर सरळ गच्चीवर."

शेजारचे खो-खो हसले. मिस्त्रीही हसला, पण त्याचं लक्ष कार्डाच्या तळाला होतं. जिथे सही तिथे नोंद. जिथे नोंद तिथे एक ना एक दिवस वाचणारा येणार. आणि दारातल्या साहेबांकडे पाहता तो दिवस फार लांब नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत लोक एकेक करून मिस्त्रीच्या टेबलाशी आले. अर्ज, खुलासे, रजेची कारणं, सगळं तोच लिहून द्यायचा. हेही त्याच्याकडेच येणार होतं. त्याने ताट बाजूला सरकवलं आणि तपासणीच्या कार्डाचा विचार करावा तसा या कार्डाचा विचार केला. वाचणाऱ्याला काय बघायचंय? खोट दिसता कामा नये. वेळ थांबवायचाय म्हणजे वेळ पुरत नाही, ही खोट. अदृश्य व्हायचंय म्हणजे तोंड लपवतो, ही खोट. परवानावाल्याला एकट्याला काम झेपत नाही, ही तर मोठीच खोट. जोडीदार वरचढ होऊ बघतो, हीही खोट. म्हणून परवानावाल्यांनी दमदार दिसायचं आणि जोडीदारांनी उपयोगी दिसायचं. उपयोगी माणसाला कोण काढतं?

चष्मेवाल्याची वेळ त्याने खोडायला लावली. प्रत्येक परवानावाल्याला त्याने एक नवा बलवान सुपरहिरो दिला. कोणी एकटा पूल उचलणारा, कोणी न थकणारा, कोणी शंभर जणांना पुरून उरणारा. प्रत्येक जोडीदाराला सुपरहिरोचा मदतनीस केला. शब्द मात्र दर कार्डावर वेगळे ठेवले. दोन कार्डं सारखी दिसली की तपासणारा तिसरं उघडतो, हा अनुभव होता. स्वतःसाठी त्याने लिहिलं:

'मला दहा हातांचा सुपरहिरो व्हायला आवडेल. कारण तो दहा जणांचं काम एकटा करतो आणि त्याला कोणाची गरज लागत नाही.'

मग त्याने पोपटचं कार्ड ओढलं. पोपट म्हणाला, माझं उडायचं लिहा. मिस्त्री म्हणाला, "उंचीवर काम करणारा माणूस उडायचं लिहितो? उद्या कुठून पडलास, तर म्हणतील आम्हाला आधीच लिहून दिलं होतं."

आजूबाजूचे हसले आणि पोपटलाही ते पटलं. मिस्त्रीने त्याच्या कार्डावर लिहिलं की मला मोठ्या सुपरहिरोच्या हाताखाली मदत करायला आवडेल, तो सांगेल तेवढं करण्यात मला समाधान आहे. पोपट तोवर हात धुऊन आला. त्याने ओले हात पँटला पुसले, सहीच्या जागी सही केली आणि दही संपलं का ते बघायला गेला.

दुपारी बाईंनी निवडक कार्डं वाचून दाखवली. दहा हातांच्या माणसाला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. साहेब दारातून आत आले, त्यांनी मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. पंधरा दिवसांत तो फोटो कचेरीच्या जिन्यात भिंतीवर लागला. चित्रकाराने मिस्त्रीच्या पाठीमागे आठ जादा हात काढले होते, प्रत्येकात एकेक पाना. मिस्त्रीने तोंडाने म्हटलं, काय हा पोरखेळ. पण त्या आठवड्यात कामाशिवायही तो दोनदा कचेरीत जाऊन आला.

घरी त्याने सगळं रंगवून सांगितलं. बायकोने विचारलं, आणि पोपटचं काय लिहिलंत? मिस्त्रीने सांगितलं, मदतनीस.

"मदतनीस म्हणजे नसला तरी चालतो तो?"

मिस्त्री म्हणाला, तुला कळत नाही, आणि कार्ड वाचतंय कोण.

दीड महिन्याने सूचनाफलकावर कागद लागला. कंपनी यापुढे लिफ्टवर एकच माणूस पाठवणार होती. फक्त एक अडचण होती. सरकारी खात्याचा नियम असा, की टपावर माणूस असेल तर मशीनरूममध्ये दुसरा हवाच. यातून सूट हवी तर कंपनीने अर्ज करायचा, खात्याचा तपासनीस येणार, कामगारांचं म्हणणं ऐकणार आणि मग ठरवणार. कामगारांच्या वतीने बोलायला सगळ्यांनी मिस्त्रीला निवडलं. जोडीने जायचं म्हणून बरोबर पोपट. जोडीचा मुद्दा मांडायला याहून चांगली जोडी कुठे मिळणार?

मिस्त्रीने आठ दिवस तयारी केली. दवाखान्याची गोष्ट त्याने मनात दहादा घोळवली. हाताची खूण दिसावी म्हणून बाह्या दुमडता येतील असा शर्ट बायकोने इस्त्री करून दिला. निघताना ती भावाला म्हणाली, तू मध्ये बोलू नकोस, हे बोलतील. पोपट म्हणाला, मी कधी मध्ये बोललोय?

बैठक कचेरीतच होती. लांब टेबल, काचेचे झाकण घातलेले पाण्याचे पेले, न उघडणाऱ्या खिडक्या. एका बाजूला साहेब आणि त्यांची फाइल. दुसऱ्या बाजूला मिस्त्री, त्याच्यामागे भिंतीशी खुर्चीवर पोपट. टेबलाच्या टोकाला तपासनीस. हा माणूस केस पांढरे होईपर्यंत शाफ्टमध्ये उतरलेला होता आणि पेनाचं टोपण उघडायच्या आधी त्याने खोलीतला पंखा कुरकुरतोय तो बेअरिंगमुळे, असं सांगून टाकलं. मिस्त्रीला हायसं वाटलं. हा आपल्यातला आहे.

त्याने गोष्ट सांगितली, आणि चांगली सांगितली. अडकलेला हात, न फुटलेली हाक, व्यवस्थापकाची घाई, स्विचला लावलेली पाठ, पाऊण तास. बाही वर केली. तपासनीसाने चष्मा लावून खूण पाहिली आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. मग म्हणाला की त्याच्या उमेदीच्या काळात त्याचा एक मित्र अशाच वेळी वाचला नव्हता.  साहेबांनी फक्त फाइल पुढे सरकवली.

फाइलीत झूलवाली अडतीस कार्डं होती. एकोणीस परवानावाल्यांची एका बाजूला, एकोणीस जोडीदारांची दुसऱ्या बाजूला. साहेब अतिशय नम्रपणे म्हणाले की कंपनीने दडपण न आणता, बरोबर-चूक काही नाही असं बजावून, कामगारांना मन मोकळं करायला सांगितलं होतं. एकोणीसपैकी एकोणीस अनुभवी कामगारांना एकट्याने काम करावंसं वाटतं. एकोणीसपैकी एकोणीस जोडीदार स्वतःला दुय्यम मानतात. यात एकाचाही अपवाद नाही.

तपासनीस एकेक कार्ड उलटत गेला. पूल उचलणारा. न थकणारा. शंभर जणांना पुरून उरणारा. त्याच्या भुवया वर गेल्या आणि तशाच राहिल्या. शेवटी तो दहा हातांच्या माणसापाशी थांबला आणि मिस्त्रीकडे वळला.

"अक्षर तुमचं?"

"होय."

त्याने दुसऱ्या गठ्ठ्यातून एक कार्ड काढून शेजारी ठेवलं. "हे तुमच्या जोडीदाराचं. अक्षर पुन्हा तुमचंच. सही फक्त त्यांची."

मिस्त्री हो म्हणाला. तपासनीसाने पेन खाली ठेवलं. तो आता सावकाश बोलत होता, जणू टपावरच्या माणसाला एकेक शब्द नीट पोचावा म्हणून.

"हे बघा. तुम्ही म्हणालात, की हे आम्ही मनापासून लिहिलेलं नाही, वाचणाऱ्याला बरं वाटावं म्हणून एकाने बसून सगळ्यांचं भरलं, तर मी हा गठ्ठा बाजूला ठेवतो. मग उरते तुमची हाताची खूण, आणि ती मला पुरे आहे. पण तसं म्हणालात तर मला दुसरा प्रश्न विचारावा लागेल. मशीनरूममधली कार्डं मी पाहिलीत, सगळं अक्षर तुमचं, हे नुसती सही करतात. तीही अशीच भरता का?"

पंखा कुरकुरत होता. साहेबांनी पेल्यावरचं झाकण उचललं आणि पुन्हा ठेवलं.

मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर खिळ्यांना लटकलेली कार्डं उभी राहिली. एकवीस वर्षं, शेकडो मशीनरूम, दर महिन्याच्या चोवीस खुणा. तीन वर्षांपूर्वी एका इमारतीत एक म्हातारी बाई दोन तास लिफ्टमध्ये अडकली होती, कारण डब्यातली घंटा वाजलीच नाही. तेव्हा कार्ड काढलं गेलं होतं. घंटेसमोर मिस्त्रीची खूण होती, खाली दोघांच्या सह्या होत्या, आणि कार्डाने दोघांना वाचवलं होतं. घंटा त्याने त्या महिन्यात वाजवून पाहिली नव्हती. त्याच्या आधीच्या महिन्यातही नाही. आज तोंड उघडलं तर एकट्याचा परवाना जाणार नव्हता. एकोणीस जणांचे परवाने जाणार, कोणाकोणावर खटले होणार, आणि त्या बाईच्या कार्डावर तर पोपटचीही सही होती.

म्हणजे गप्प राहणं पोपटच्याच भल्याचं, असं त्याला त्या क्षणी वाटलं. नंतर त्याने ते स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं.

त्याने मागे वळून पाहिलं. पोपट खुर्चीच्या कडेला बसला होता, मान किंचित पुढे, भोकापाशी कान लावून बसावा तसा.

"मनापासून लिहिलंय, साहेब," मिस्त्री म्हणाला.

 तपासनीसाने मान वळवून भिंतीशी बसलेल्या माणसाला विचारलं, "आणि तुमचं?"

पोपटने क्षणाचाही उशीर केला नाही.

"मनापासून लिहिलंय, साहेब."

तपासनीसाने पेन उचललं.

बाहेर आल्यावर मिस्त्री लिफ्टच्या दारापाशी थांबला. पोपट जिन्याकडे वळला. मिस्त्रीने त्याला गाठून दंडाला धरलं आणि सगळं भराभर सांगायला सुरुवात केली. घंटा, म्हातारी, परवाने, खटले. पोपटने ऐकून घेतलं. तो चिडलेला दिसत नव्हता, आणि तेच मिस्त्रीला सहन होईना.

"तुम्ही हाक दिलीत, मी परत दिली," पोपट म्हणाला. "खाली काय चाललंय ते वरच्याला कधी दिसतं, भावोजी?"

आणि तो कठड्याला धरून, एकेक पायरी, दुखरे गुडघे सांभाळत खाली उतरला. जिन्याच्या वळणावर आठ जादा हातांचा फोटो होता. त्याने तिकडे पाहिलं नाही.

महिन्याच्या आत एकोणीस पत्रं निघाली. पोपट आता एका गोदामाच्या फाटकावर वही घेऊन बसतो. ड्रायव्हर गाडीचा नंबर सांगतो, पोपट तो शब्दाला शब्द परत म्हणतो आणि लिहून घेतो. मालक खूश आहे, म्हणतो असा चोख माणूस पाहिला नाही. पोपटच्या मुलींच्या वाढदिवसाला मिस्त्रीची बायको एकटीच माहेरी जाऊन येते. तिने मिस्त्रीशी भांडण काढलं नाही. फक्त एकदा, भांडी विसळताना, पाठमोरीच असताना तिने विचारलं की भावाने त्या दिवशी कार्डावर काय लिहायला सांगितलं होतं. मिस्त्रीने सांगितलं, उडायचं.

"मग तेवढं लिहायचं होतंत," ती म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

मिस्त्री आता एकटाच जातो. पहिल्या दिवशी त्याला एका नऊ मजली इमारतीत पाठवलं. जिन्याने वर जाऊन त्याने मशीनरूमचं कुलूप काढलं, पुन्हा खाली येऊन टपावर चढला आणि गळ्यातला बटणांचा डबा अंगठ्याखाली धरला. दाबलं की वर, सोडलं की थांब. सोपं होतं. शेंबडं पोरही शिकलं असतं.

"वर घे," त्याने हाक दिली.

हाक तोंडून निघून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण एकवीस वर्षांची सवय. हाक परत आल्याशिवाय अंगठा दबेना. त्याने हात अंगाशी घेतले आणि तो बसून राहिला. वर दोरांच्या भोकांतून उजेडाच्या चार तिरिपा येत होत्या. त्यांत धूळ फिरत होती. कोणत्या तरी मजल्यावर कोणीतरी दारावर थापा मारून विचारत होतं, अहो मेकॅनिक, अजून किती वेळ? तो बसूनच होता. किती वेळ, ते त्याने घड्याळात पाहिलं नाही. पाऊण तास मात्र नक्की झाला नसेल, कारण त्याला अजून सात लिफ्ट करायच्या होत्या.

शेवटी त्याने बटण दाबलं.

काम आटोपून तो पुन्हा नऊ मजले चढला. नवं कार्ड पाकिटात लावायचं होतं. सहीची जागा आता एकच होती, आणि चोवीस बाबींखाली एक पंचविसावी छापलेली होती: एकट्याने काम करताना कोणतीही अडचण आली नाही.

मिस्त्रीने पेनाचं टोपण दातांनी काढलं, वरून खालपर्यंत पंचवीस खुणा केल्या आणि सही केली.